दिवाणखान्यातली तिसरी मिती

नांदेडच्या एका शाळेतील विज्ञानशिक्षकांनी मध्यंतरी एक प्रश्न विचारला. शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने घरचा जुना त्रिमितीय, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्यातला थ्रीडी, टीव्ही शाळेला द्यायचे ठरवले आहे. संच चालू आहे, सोबत चार चष्मे आहेत. घ्यावा का, आणि घेतला तर सुरुवात कुठून करावी?

उत्तर एका ओळीत देता आले असते : संच जरूर घ्या, साधा टीव्ही म्हणून वापरा आणि चष्मे प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवा. पण शिक्षकाचे नुसत्या उत्तराने भागत नाही, तो 'का' विचारतोच. शिवाय या यंत्राशी माझा एक जुना हिशोब आहे. तो लातूरला आहे.

थ्रीडी टीव्ही बाजारात जोमाने आले ते २०१० साली. त्याआधीच्या डिसेंबरात 'अवतार' हा चित्रपट जगभर लागला होता आणि लोक काळे चष्मे लावून पावणेतीन तास बसत होते. चित्रपटगृहात बसतात तर घरीही बसतील, असा कंपन्यांचा कयास होता. माझी थोरली बहीण लातूरला असते. दाजी तेव्हा तिथल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवत. २०११च्या दिवाळीत त्यांनी चाळीस इंची थ्रीडी संच घेतला आणि मला फोन केला, "तू उजेडावरच पीएच.डी. केलीस ना? मग ये, आमचा टीव्ही चालू करून दे." मी नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीने पोचलो. पदवी नवी होती. आपल्याला सगळे कळते अशी माझी समजूत होती.

टीव्ही लोखंडी कपाटावर ठेवलेला. खाली सतरंजी, लोड. दाजींच्या आई पलंगावर आडव्या. माणसे नऊ आणि चष्मे दोन. हे चष्मे साधे नव्हते. त्यांच्या काचा आळीपाळीने बंद होतात : पडद्यावर डाव्या डोळ्याचे चित्र असते तेव्हा उजवी काच काळी होते, उजव्याचे असते तेव्हा डावी. प्रत्येक डोळ्यासाठी हे सेकंदाला साठ वेळा घडते. त्यासाठी चष्म्यात बॅटरी लागते आणि टीव्हीकडून इशारा लागतो. आणखी चष्मे घ्यायचे तर एकेकाला काही हजार रुपये मोजायचे. तेव्हा दोघे थ्रीडी पाहत आणि सात जण नुसतेच धूसर, दुहेरी चित्र पाहत आपली पाळी येण्याची वाट बघत.

पहिली अडचण चोकच्या ट्यूबलाइटची निघाली. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे अशी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होते. चष्म्याच्या साठ उघडझापींशी तिचा मेळ बसत नाही, आणि चष्मा घातल्यावर सगळी खोली थरथरताना दिसते. ट्यूब बंद केली. एक काच कायम अर्धा वेळ बंद, त्यात काचांचे स्वतःचे काळेपण, म्हणून चित्र निम्म्याहूनही अंधारे दिसते. तेव्हा अंधार केलेला बराच. दुसरी अडचण दाजींच्या आईंची. "मला तर दोन-दोन मासे दिसायलेत," त्या म्हणाल्या. बरोबरच होते. दोन डोळ्यांसाठीची चित्रे पडद्यावर आडव्या दिशेने सरकवलेली असतात, कारण आपले डोळे आडव्या रेषेत असतात असे गृहीत धरलेले असते. माणूस कुशीवर झाला की त्याचे डोळे एकाखाली एक येतात आणि दोन चित्रे जुळेनाशी होतात. हा टीव्ही ताठ बसणाऱ्यांसाठी होता. दमूनभागून घरी आल्यावर लोडाला टेकून, हातावर डोके ठेवून टीव्ही पाहणारा माणूस तो बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नसावा.

संचासोबत मासे आणि फुलपाखरे दाखवणारी एक छोटी चित्रफीत होती. फुलपाखरू पुढे आले की मुले हात लांबवून पकडायला जात. माझी भाची तेव्हा अकरा वर्षांची. तिची पाळी आली. "मामा, काहीच बाहेर येत नाही," ती म्हणाली. मी चष्मा पुसला. दुसरा दिला. तिला बरोबर मधोमध बसवले. मग अर्धा तास त्या उघडझाप करणाऱ्या काचांवर व्याख्यान दिले. शेवटी ती म्हणाली, "हां, आलं आलं." तिच्याकडे पुन्हा येऊच.

या टीव्हीची परीक्षा करायची तर आधी आपण वर्गात काय सांगतो ते तपासावे लागेल. 'दोन डोळ्यांमुळे आपल्याला खोली कळते' हे वाक्य आपण सगळेच बोलतो. आता एक डोळा झाका आणि खिडकीबाहेर पाहा. जग सपाट झाले का? नाही. कडुनिंबामागे भिंत आहे, भिंतीमागे पाण्याची टाकी आहे, हे दिसतेच. जवळची वस्तू लांबच्या वस्तूला झाकते, लांबचा माणूस लहान दिसतो, दूरचा डोंगर धुरकट दिसतो, सावल्या उंचसखलपणा सांगतात आणि डोके हलवले की जवळचे जास्त सरकते, लांबचे कमी. ही सारी गमके एका डोळ्याला मिळतात. साध्या चित्रपटातही, प्रेक्षकाने आपले डोके हलवण्याचे गमक सोडले तर, ती सगळी असतात. म्हणून प्रभातचे जुने चित्रपट पाहताना आपल्याला कधी खोलीची उणीव भासली नाही. ते 'द्विमितीय' आहेत हे आपल्याला थ्रीडीच्या जाहिरातदारांनी सांगितले.

मग दुसरा डोळा काय करतो? दोन पेन्सिली दोन हातांत धरून, हात लांब करून, टोकाला टोक भिडवा. मग एक डोळा मिटून तेच करा. फरक लगेच कळतो. सुईत दोरा ओवणे, ओंजळीत चेंडू झेलणे, कपात चहा ओतणे, म्हणजे हाताच्या टप्प्यातली आणि त्याच्या थोडी पलीकडची बारीक कामे, तिथे दोन डोळ्यांचा खरा उपयोग आहे. मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांत सुमारे ६.३ सेंटिमीटर अंतर असते. तेवढ्याने दोन दृष्टिपटलांवर जी किंचित वेगळी चित्रे पडतात त्यांतून मेंदू खोलीचा अंदाज बांधतो. चार्ल्स व्हीटस्टन यांनी हे १८३८ साली दाखवून दिले, तेही हाताने काढलेल्या रेखाचित्रांच्या जोड्या आरशांतून एकेका डोळ्याला दाखवून. छायाचित्रणाची कला जगासमोर यायला अजून एक वर्ष होते. पुढे १९६० साली बेला युलेश यांनी नुसत्या विखुरलेल्या ठिपक्यांच्या दोन चौकोनांतून खोली निर्माण करून दाखवली. एका डोळ्याने पाहिले तर त्या ठिपक्यांत कसलाही आकार नाही. म्हणजे बाकीची सगळी गमके काढून टाकली तरी हे एकटे गमक पुरते. टीव्हीतही ही कल्पना नवी नाही. जॉन लोगी बेअर्ड यांनी त्रिमितीय दूरचित्रवाणीचे प्रात्यक्षिक लंडनमध्ये १९२८ सालीच केले होते.

सारांश, थ्रीडी टीव्हीने आपल्याला 'तिसरी मिती' दिली नाही. असलेल्या पाच-सहा गमकांत एकाची भर घातली. ते किती नीट घातले हा पुढचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर दाजींनी आणि मी त्याच रात्री हिशोबाच्या वहीवर काढले.

समजा, चित्रपटगृहाचा पडदा दहा मीटर रुंद आहे. क्षितिजावरचा डोंगर अनंत अंतरावर भासायला हवा असेल, तर दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिरेषा समांतर राहायला हव्यात. म्हणजे पडद्यावर डोंगराच्या दोन प्रतिमांत बरोबर डोळ्यांइतके, ६.३ सेंमी, अंतर हवे. दहा मीटरांत ते फार नाही. आता तीच प्रत चाळीस इंची टीव्हीवर लावली. त्याची रुंदी सुमारे ८८ सेंमी. सगळे चित्र लहान झाले, तसे दोन प्रतिमांतले अंतरही लहान होऊन साधारण ०.५५ सेंमी झाले. दोन मीटरांवर बसलेल्या माणसाला हा डोंगर कुठे दिसेल? दोन डोळ्यांपासून दोन प्रतिमांतून जाणाऱ्या रेषा काढा आणि त्या जिथे मिळतात ते अंतर समरूप त्रिकोणांनी काढा. दोन मीटर गुणिले ६.३, भागिले (६.३ वजा ०.५५). उत्तर येते २.१९ मीटर. म्हणजे चित्रपटगृहात अनंतावर असलेला डोंगर घरी टीव्हीच्या मागे जेमतेम एकोणीस सेंटिमीटर! दाजींच्या घराची विटांची भिंतसुद्धा त्याहून जाड. फुलपाखराचेही तसेच. चित्रपटगृहात जे पडदा आणि प्रेक्षक यांच्या बरोबर मध्यावर येऊन तरंगते, ते घरी पडद्याच्या पुढे सोळा सेंमी येते. "म्हणजे हे सगळं एका पेटीतलं हाय की," दाजी म्हणाले. नववी-दहावीच्या वर्गात समरूप त्रिकोणांचे इतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. शिक्षकांनी ते जरूर घ्यावे.

पेटीतली माणसे पेटीएवढीच वाटतात. घरच्या थ्रीडीत नट कळसूत्री बाहुल्यांसारखे का दिसतात, याचे हे एक कारण. मग घरच्यासाठी दोन प्रतिमांतले अंतर मुद्दाम वाढवले तर? तेही करता येते, पण तिथे डोळाच आडवा येतो. आपण जवळची वस्तू पाहतो तेव्हा दोन गोष्टी एकदम होतात : डोळे आत वळतात आणि डोळ्यातले भिंग जाड होऊन त्या अंतरावर केंद्रित होते. जन्मभर ही जोडी एकत्र चालते. थ्रीडी पडद्यासमोर डोळे वळतात एक मीटरवरच्या फुलपाखराकडे, पण प्रकाश येतो दोन मीटरवरच्या काचेतून, म्हणून भिंगाला तिथेच केंद्रित राहावे लागते. जोडी तुटते. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात मार्टिन बँक्स यांच्या गटाने २००८ साली प्रयोग करून दाखवले की डोळ्यांना येणारा थकवा आणि अस्वस्थपणा यामागे ही तुटलेली जोडी आहे. तेव्हा थ्रीडी टीव्ही डोळ्यांना सुखाचा ठेवायचा तर खोली वीतभर मिळते, आणि खोली भरपूर हवी तर डोके दुखते. अधिक चांगला पडदा, अधिक हलका चष्मा यांनी हा पेच सुटत नाही. तो त्या रचनेतच आहे.

नांदेडच्या शाळेला मिळणारा संच दुसऱ्या जातीचा दिसतो. चार चष्मे, बॅटरी नाही, वजनाला हलके. अशा संचात पडद्याच्या एकाआड एक ओळींतून वेगवेगळ्या प्रकारे ध्रुवित केलेला प्रकाश येतो आणि चष्म्याची प्रत्येक काच आपापल्या ओळी आत घेते. चष्मे स्वस्त, ट्यूबलाइटचा त्रास नाही. पण प्रत्येक डोळ्याला १०८०पैकी ५४० ओळीच मिळतात आणि समोरून, जवळपास पडद्याच्या उंचीवरूनच पाहावे लागते. टीव्ही फळ्याच्या वर टांगला आणि मुले जमिनीवर बसली की पहिल्या रांगांना एका डोळ्याचे चित्र दुसऱ्यात मिसळून भुतासारखे दिसणार. आणि चाळीस मुलांच्या वर्गात चार चष्मे.

बाजाराने आपला निकाल लवकरच दिला. ईएसपीएनने आपली थ्रीडी वाहिनी बंद करत असल्याचे जून २०१३मध्ये सांगितले. बीबीसीने पुढच्याच महिन्यात आपले थ्रीडी प्रयोग थांबवणार असल्याचे सांगितले. सॅमसंगने २०१६मध्ये असे संच बनवणे सोडले, एलजी आणि सोनी यांनी २०१७मध्ये. औरंगाबादजवळ चितेगावला टीव्ही बनवणारी मराठवाड्याची व्हिडिओकॉनही थ्रीडीच्या मागे गेली होती. २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, अर्थात त्याची कारणे बरीच वेगळी होती. गंमत म्हणजे ज्या जूनमध्ये ईएसपीएनने ही घोषणा केली, त्याच जूनमध्ये मराठीतला पहिला थ्रीडी चित्रपट, महेश कोठारे यांचा 'झपाटलेला २', लागला. मला त्या प्रयत्नाचे कौतुक आहे. पण १९९३च्या 'झपाटलेला'मधला तात्या विंचू सपाट पडद्यावरही आमची झोप उडवत होता, हे कसे विसरणार? भीती दिलीप प्रभावळकरांच्या आवाजात होती. तिला ६.३ सेंटिमीटरची गरज नव्हती.

याचा अर्थ दोन डोळ्यांचे तंत्रच टाकाऊ, असा कोणी काढू नये. नांदेडच्या विद्यापीठात शिकत असताना भूशास्त्राच्या एका मित्राने मला टेबलावर ठेवायचा आरशांचा स्टिरिओस्कोप दाखवला होता, थेट व्हीटस्टन यांच्या घराण्यातला. त्याखाली विमानातून घेतलेल्या छायाचित्रांची जोडी ठेवलेली. विमान उडत असताना लागोपाठची छायाचित्रे अशी घेतात की त्यांत साठेक टक्के भाग सामाईक येतो. आत डोळे लावले आणि काळ्या पाषाणाचे ते पठार अक्षरशः वर उठले. ओढ्यांचे काठ, बांध, पायऱ्यापायऱ्यांचे उतार, सगळे उठून दिसले. आपल्या मराठवाड्याची जमीन उभ्याने पाहिली तर सपाट भासते. इथे दोन 'डोळ्यांत' शेकडो मीटरांचे अंतर असल्याने तिचा प्रत्येक चढउतार फुगून दिसतो. पाणी कुठे मुरेल, कुठे वाहून जाईल हे पाहणाऱ्याला हाच फुगवटा हवा असतो. तिथे खोली हाच प्रश्न आहे. रेणूंची रचना, कवटीतली हाडे, स्फटिकाची जाळी यांचेही तसेच. बातम्या देणारी बाई पडद्यापासून चार बोटे पुढे आली तर तिच्या बातमीत काय भर पडते? दाजींच्या संचाला साध्या चित्राचे थ्रीडी करणारे एक बटण होते. ते दाबले की यंत्र आपल्या अंदाजाने कुणालाही पुढे काढी. एकदा तर निवेदिकेच्या आधी वाहिनीची खालची धावती पट्टीच बाहेर आली. महिन्याभरात ते बटण दाबायचे सगळ्यांनी सोडले आणि पुढची कितीतरी वर्षे तो संच साधा टीव्ही म्हणून उत्तम चालला.

आता भाचीकडे. त्या दिवाळीनंतर दीडेक वर्षाने तिच्या शाळेत डोळ्यांची तपासणी झाली. उजवा डोळा झाकून तक्ता वाचायला सांगितला तेव्हा तिला वरच्या दोनच ओळी वाचता आल्या. तिरळेपणा मुळीच नव्हता, म्हणून कोणाला शंका आली नव्हती. डाव्या डोळ्याचा नंबर लहानपणापासून मोठा होता आणि धूसर चित्र पाठवणाऱ्या त्या डोळ्याकडे मेंदूने लक्ष देणेच सोडले होते. याला आळशी डोळा म्हणतात. जगभरच्या पाहण्यांत शंभरात एक ते चार जणांत तो आढळतो. ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजराच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवले होते की लहानपणी एक डोळा बंद राहिला तर मेंदूतल्या, दोन्ही डोळ्यांकडून संदेश घेणाऱ्या, पेशी त्या डोळ्याशी असलेला संबंध तोडतात. त्यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे मी पीएच.डी.च्या काळात वाचले होते. आणि माझ्यासमोर बसून ती मुलगी सांगत होती, 'काहीच बाहेर येत नाही.' मी चष्मा पुसत होतो.

उपचार सात वर्षांच्या आत सुरू झाले तर सर्वांत चांगले. नंतरही उपयोग होतो, पण कमी. भाचीला चष्मा लागला, चांगला डोळा रोज काही तास पट्टीने झाकावा लागला, तक्त्यावरच्या दोन-तीन ओळी वाढल्या. अकराव्या वर्षी पाठवले असते तर कदाचित आणखी एखादी ओळ वाढली असती. सुईत दोरा ती अजूनही सुई बोटाला टेकवून ओवते.

म्हणून नांदेडच्या शिक्षकांना मी संचाऐवजी दुसऱ्याच सामानाची यादी कळवली. लाल आणि निळा जिलेटीनचा कागद, पुठ्ठा, लाल आणि निळी रंगीत पेन्सिल, पांढरा कागद. पुठ्ठ्याचा चष्मा करून डाव्या डोळ्यावर लाल आणि उजव्यावर निळा कागद लावा. पातळ असेल तर दुहेरी. कागदावर लाल पेन्सिलीने एक उभी रेघ काढा आणि तिच्या उजवीकडे अर्ध्या सेंटिमीटरवर निळी. लाल कागदातून लाल रेघ जवळजवळ नाहीशी होते, म्हणून डाव्या डोळ्याला निळी दिसते आणि उजव्याला लाल. दृष्टिरेषा कागदाच्या अलीकडे एकमेकींना छेदतात आणि एकच रेघ कागदाच्या वर तरंगताना दिसते. चष्मा उलटा, म्हणजे लाल उजवीकडे, धरला की तीच रेघ कागदाखाली जाते. असे का, हे मुलांनाच शोधू द्या. चौकोन, मग चौकोनात चौकोन, मग गावच्या टेकडीच्या समोच्च रेषा, असे पुढे जाता येते.

हे करताना प्रत्येक मुलाला वेगळे विचारा की त्याला काय दिसते, आणि ते सगळ्यांसमोर विचारू नका, नाहीतर तो 'आलं आलं' म्हणेल. ज्याला एकच रंगाची रेघ दिसते किंवा तरंगणारे काही दिसतच नाही, त्याचा एकेक डोळा तळहाताने झाकून (बोटांनी नको, फटीतून मुले बघतात) फळ्यावरचे वाचायला सांगा. हे काही रोगनिदान नव्हे. जिलेटीन कमी-जास्त असेल तर चांगल्या डोळ्याचे मूलही चुकते. नेत्रतज्ज्ञांकडे अशीच चार रंगीत ठिपक्यांची रीतसर चाचणी असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळेत येतात, त्यांच्याकडे अशा मुलांची नावे आधीच देऊन ठेवावीत आणि कोणता डोळा, डावा की उजवा, हे शेजारी लिहावे.

नांदेडच्या शिक्षकांनी संच घेतला. जिलेटीनचे कागद त्यांना वजिराबादच्या एका दुकानात मिळाले. परवा त्यांचा फोन आला होता : सहावीतला एक मुलगा म्हणतो, दोन्ही रेघा एकदम कधीच दिसत नाहीत. त्याच्या वडिलांना त्यांनी सोमवारी शाळेत बोलावले आहे.